निखारा आणि गंज

प्रस्तावना

माघातली रात्र होती. गावाबाहेरच्या एका शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरून आम्ही आकाशदर्शनाला बसलो होतो. मृग नक्षत्र चांगले वर आले होते. मुलांना मृगाचे चार पाय दाखवून झाले, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण दाखवून झाला, बाणाच्या रेषेत खाली उतरून व्याधही सापडला. मग मी म्हटले, "आता चार पायांपैकी दोनच पाय नीट बघा. हा काक्षी आणि त्याच्या तिरप्या कोपऱ्यातला तो राजन्य. दोघांत काही फरक दिसतो का?"

थोडा वेळ कुणी बोलेना. मग सहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, एक तांबूस आहे आणि दुसरा निळसर."

"बरोबर. मग त्यातला जास्त तापलेला कोणता?"

"तांबडा!" सगळे पटांगण एका सुरात ओरडले. मुलांचे चुकले असे तरी कसे म्हणावे? विस्तव तांबडा असतो, बर्फाचे चित्र निळ्या खडूने काढतात आणि नळाच्या तोटीवर गरम पाण्याची खूणही लालच असते.

मागे नातवाला घेऊन आलेले एक वयस्कर गृहस्थ उभे होते. गावात त्यांचे लोहारकाम. ते हळूच म्हणाले, "न्हाई सर. तांबडा म्हंजे अजून आच कमी हाय. लोखंड आधी तांबडं हुतं, मग नारिंगी, मग पिवळं. आन् पार पांढरं पडलं की ठिणग्या उडाया लागत्यात, मग ते जळतंय. त्यो निळा जादा तापलाय."

या आजोबांनी लोलकातून ताऱ्याचा वर्णपट कधी पाहिला नव्हता. पण जे शोधायला युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना एकोणिसावे शतक खर्ची घालावे लागले, त्याचा गाभा त्यांच्या डोळ्यांत आधीपासून होता. लोखंड किती तापले हे ते रंगावरून ओळखत आणि तीच नजर त्यांनी सहज वर लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. भात्याची जागा आता विजेच्या पंख्याने घेतली आहे, बाकी सगळे जुनेच. कोळशाच्या ढिगात ट्रकच्या जुन्या स्प्रिंगचा पाटा खुपसलेला होता, त्याचा कोयता व्हायचा होता. आजोबा गप्प बसून पाट्याच्या टोकाकडे पाहत होते. आधी ते काळेच होते. मग दुकानाच्या अंधारात ओळखू येईल न येईल असा गर्द तांबडा रंग आला, तो उजळत नारिंगीकडे गेला. पिवळेपणाची कड दिसताच त्यांनी सांडशीने पाटा उचलून ऐरणीवर ठेवला आणि मुलाने घण घातला. चार-पाच घावांत रंग उलट पावली निघाला: नारिंगी, तांबडा, काळपट. "आता मारू नको," आजोबा म्हणाले आणि पाटा परत भट्टीत गेला. दुकानात तापमापक नव्हता, त्याची गरजही नव्हती.

तेवढ्यात माझे लक्ष कोपऱ्यात गेले. तिथे अजून हात न लावलेले असेच पाटे पडले होते, पावसाळ्यात भिजून गंजलेले. त्यांचाही रंग तांबडाच. एकाच दुकानात, एकाच लोखंडाचे दोन तांबडे रंग. एकाला हात लावला तर कातडी निघून येईल, दुसऱ्याला लावला तर बोटाला फक्त भुकटी लागेल.

हे पुस्तक त्या दोन तांबड्या रंगांमधल्या फरकाचे आहे.

*

आकाशात हा फरक पाहायची एक फार चांगली जागा आहे. उन्हाळा सरता सरता रात्री आग्नेयेकडे वृश्चिक वर येतो. विंचवाच्या काळजाच्या जागी एक ठळक तांबूस तारा आहे, तो ज्येष्ठा. सुमारे दोन वर्षांच्या अंतराने मंगळ आपल्या वाटेवर या ताऱ्याजवळून जातो, तेव्हा दोन तांबडे ठिपके शेजारी शेजारी दिसतात. ग्रीकांनी ज्येष्ठाला अँटारीस हे नाव दिले, त्याचा अर्थच मंगळाचा प्रतिस्पर्धी. नुसत्या डोळ्यांना दोघांच्या रंगात फार डावे-उजवे करता येत नाही.

आणि तरीही या दोन ठिपक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ज्येष्ठा हा तारा आहे. त्याचा पृष्ठभाग सुमारे ३,६०० केल्विन इतका तप्त आहे आणि तो स्वतःच्या प्रकाशाने तांबडा दिसतो. मंगळ हा ग्रह आहे. त्याच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे साठ अंश सेल्सिअस आहे. त्याला स्वतःचा दृश्य प्रकाश नाही. त्याच्या मातीत आणि धुळीत लोहाची ऑक्साइडे, म्हणजे साध्या भाषेत गंज, भरपूर आहे. ही धूळ सूर्यप्रकाशातला निळा-हिरवा भाग शोषून घेते आणि तांबूस भाग परत पाठवते. ज्येष्ठा हा भट्टीतला पाटा, मंगळ हा कोपऱ्यातला.

आपल्या पूर्वजांनी मंगळाला अंगारक म्हटले, अंगार म्हणजे निखारा. मंगळवारी येणाऱ्या संकष्टीला आपण अंगारकी म्हणतो, त्या शब्दात हा निखारा अजून आहे. लोहितांग हे मंगळाचे आणखी एक नाव, तांबड्या अंगाचा. रोहिणी या नावातही तांबडेपणा आहे आणि वृषभेतला तो तारा खरोखरच नारिंगी-तांबूस आहे. म्हणजे नावे ठेवणाऱ्यांनी रंग अचूक पाहिले होते. मात्र मंगळाला निखारा म्हणताना रंगावरून जे अनुमान निघाले, ते थंडगार गंजाला लागू पडत नव्हते. रंग दिसणे ही पहिली पायरी झाली. तो रंग कुणाच्या प्रकाशाचा आहे, हे विचारणे ही दुसरी. या पुस्तकाची सगळी मांडणी त्या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे.

*

पहिला भाग ताऱ्यांचा आहे, म्हणजे निखाऱ्यांचा.

१८४७ साली न्यूयॉर्कमधले प्राध्यापक जॉन विल्यम ड्रेपर यांनी निरनिराळे पदार्थ तापवून एक साधी गोष्ट तपासली: ते नेमके कधी उजळू लागतात? त्यांना आढळले की पदार्थ कोणताही असो, सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला त्यात तो पहिला गर्द तांबडा रंग येतो. आजोबांच्या पाट्याच्या टोकाला मी जो क्षण पाहिला, तोच हा. रंग पदार्थावर अवलंबून नसून तापमानावर अवलंबून आहे, ही गोष्ट फार मोठी होती. कारण मग दूरच्या ताऱ्यात काय आहे हे ठाऊक नसतानाही तो किती तापला आहे, हे विचारता येते.

१८९३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म वीन यांनी रंग आणि तापमान यांचे हे नाते हिशेबात बसवले. तापलेली वस्तू एकच रंग टाकत नाही, सगळेच रंग टाकते. पण कोणत्या रंगाचा वाटा सर्वांत मोठा, हे तापमान ठरवते. तापमान दुप्पट झाले की प्रकाशाचा सर्वाधिक जोर निम्म्या तरंगलांबीवर येतो, म्हणजे तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. असे का होते, याचे उत्तर शोधताना १९०० साली माक्स प्लांक यांना ऊर्जा सलग न वाहता ठरावीक पुडक्यांनी दिली-घेतली जाते, असे मानावे लागले. विसाव्या शतकाचे सगळे पुंजभौतिक त्या गृहीतकातून वाढले. त्याचे मूळ लोहाराच्या रोजच्या पाहण्यातल्या प्रश्नात आहे: तापलेल्या वस्तूचा रंग असाच का बदलतो?

वीन यांचा हिशेब मृगाच्या त्या दोन पायांना लावून पाहा. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,५०० केल्विन. त्याच्या प्रकाशाचा सर्वाधिक जोर सुमारे ८३० नॅनोमीटरवर येतो, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडे, अवरक्तात. राजन्य सुमारे १२,००० केल्विन. त्याचा जोर सुमारे २४० नॅनोमीटरवर, जांभळ्याच्याही पलीकडे, अतिनीलात. दोघांचाही मुख्य प्रकाश आपल्या डोळ्यांच्या टप्प्याबाहेर आहे. एकाचे तांबडे टोक आणि दुसऱ्याचे निळे टोक तेवढे आपल्या वाट्याला येते, आणि तेवढ्यावर सहावीतल्या मुलीला फरक ओळखता येतो. राजन्याच्या पृष्ठभागाचा एक चौरस मीटर काक्षीच्या एका चौरस मीटरपेक्षा सुमारे १४० पट अधिक ऊर्जा बाहेर टाकतो. तरीही काक्षी आकाशात इतका ठळक दिसतो, तो केवळ त्याच्या आकारामुळे. त्याला उचलून सूर्याच्या जागी ठेवले तर मंगळाची कक्षासुद्धा त्याच्या पोटात जाईल.

इथे वाचक एक प्रश्न नक्की विचारतो, आकाशदर्शनातही तो हटकून येतो. लोखंड तांबडे, नारिंगी, पिवळे, पांढरे होते. मग इंद्रधनुष्यात पिवळ्यानंतर येणारा हिरवा कुठे गेला? हिरवा तारा का दिसत नाही? उत्तर आपल्या घरातल्याच ताऱ्याकडे आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,७७० केल्विन आहे आणि त्याच्या प्रकाशाचा सर्वाधिक जोर ५०० नॅनोमीटरच्या आसपास, अगदी हिरव्याजवळ आहे. पण हिरव्याच्या दोन्ही बाजूंना तांबडा आणि निळाही जवळजवळ तितक्याच प्रमाणात असतात. सगळे रंग असे समसमान मिसळले की डोळ्याला पांढरे दिसते. हिरव्यावर जोर असलेला तारा म्हणूनच पांढरा दिसतो. सूर्य पिवळा आहे असे आपण चित्रात रंगवतो, पण वातावरणाबाहेरून तो पांढराशुभ्र आहे.

*

या कथेत एक कुटुंबही आहे. जॉन ड्रेपर यांचे चिरंजीव हेन्री ड्रेपर यांनी १८७२ मध्ये अभिजित ताऱ्याच्या वर्णपटाचे छायाचित्र घेतले. त्या वर्णपटात रंगांच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या होत्या. १८८२ मध्ये हेन्री अकाली गेले आणि त्यांच्या पत्नी मेरी ॲना ड्रेपर यांनी पतीचे काम पुढे चालावे म्हणून हार्वर्ड वेधशाळेला पैसा दिला. त्या पैशावर वेधशाळेत स्त्रियांचा एक गट काचेच्या पट्ट्यांवरचे वर्णपट भिंगातून वाचत वर्षानुवर्षे बसला. त्यांतल्या ॲनी जंप कॅनन यांना ऐकू फार कमी येत असे. त्यांनी वर्णपटांवरून साडेतीन लाखांच्या आसपास ताऱ्यांची वर्गवारी केली. १९१८ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झालेल्या हेन्री ड्रेपर सूचीत सव्वादोन लाख तारे आहेत. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही अक्षरांची चमत्कारिक माळ त्यांनीच स्थिर केली. निळ्या ताऱ्यांपासून तांबड्या ताऱ्यांपर्यंतची ती उतरंड आजही खगोलशास्त्राची मुळाक्षरे आहे.

पण रेघांचे कोडे बाकी होते. निळसर-पांढऱ्या ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेघा ठसठशीत, पिवळ्यांत लोह आणि कॅल्शियमच्या, तर तांबड्यांत टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे. मग निळे आणि तांबडे तारे वेगवेगळ्या पदार्थांचे घडले आहेत का? १९२० साली याचे उत्तर कोलकात्याच्या मेघनाद साहांनी दिले. ढाक्याजवळच्या एका खेड्यात, गरिबीत वाढलेल्या या तरुणाने दाखवून दिले की अणूंतून इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटतील हे तापमान आणि दाब ठरवतात, आणि त्यावरूनच कोणत्या रेघा उमटतील आणि कोणत्या पुसल्या जातील हे ठरते. पदार्थ तेच असले तरी आच बदलली की रेघा बदलतात. तांबड्या ताऱ्यात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू टिकतात कारण तिथे आच कमी आहे. निळ्या ताऱ्यात ते फुटून जातात.

साहांच्या समीकरणाचा आधार घेऊन १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी आपल्या प्रबंधात हिशेब मांडला, तेव्हा तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत असे निघाले. निळा असो की तांबडा, सगळ्यांची कणीक एकच, रंगाचा फरक मुख्यतः आचेचा. शाळेच्या पुस्तकात साहांच्या नावापुढे एक समीकरण असते आणि परीक्षा झाली की ते विसरले जाते. रात्री मृगाकडे पाहताना त्यांची आठवण व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. काक्षी आणि राजन्य यांच्यातला फरक नीट वाचायला जगाला एका भारतीयाने शिकवले.

रेघांवरून पदार्थ ओळखण्याची युक्ती तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. गॅसवर डाळ उतू गेली की निळ्या ज्योतीत पिवळे-नारिंगी फरकाटे उठतात. डाळीतल्या मिठाचे सोडियम तिथे जळत्या वायूत शिरलेले असते आणि सोडियम तापले की ठरावीक पिवळाच रंग देते. गॅसची निळी ज्योत आणि हा पिवळा भडका तापमानाचे रंग नव्हेत, ते पदार्थांचे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात आंध्रातल्या गुंटूरला आलेले फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आणि इतर निरीक्षक सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहत होते, तेव्हा त्यात सोडियमच्या जवळ, पण सोडियमची नव्हे, अशी एक पिवळी रेघ होती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉकयर यांनी ग्रहण नसतानाही ती टिपली आणि ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची असावी असा निष्कर्ष काढला. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर ते १८९५ मध्ये सापडले. एका पिवळ्या रेघेने एक मूलद्रव्य २७ वर्षे आधी सांगून ठेवले होते.

ताऱ्याचा रंग त्याच्या आयुष्याविषयीही बोलतो. भरपूर वस्तुमानाचे तारे आपले इंधन भराभर जाळतात, प्रखर निळे दिसतात आणि काही कोटी वर्षांच्या आत संपतात. सूर्यासारख्याला सुमारे हजार कोटी वर्षे मिळतात. सर्वांत लहान, मंद तांबडे बटू तारे काटकसरीने लाखो कोटी वर्षे पुरवतील. आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे असे बटू आहेत, पण नुसत्या डोळ्यांना त्यांतला एकही दिसत नाही. आपल्याला दिसणारे काक्षी, ज्येष्ठा, रोहिणी हे तांबडे तारे आयुष्याच्या उतरणीवर फुगलेले राक्षसी आणि महाराक्षसी तारे आहेत. तांबडा रंग आच सांगतो, वय सांगत नाही. बटू आणि महाराक्षसी यांत फरक करायला आणखी पुरावा लागतो. रंगावरून केव्हा थांबायचे हेही कळले पाहिजे.

*

दुसरा भाग ग्रहांचा आहे. इथे प्रकाश एकच, सूर्याचा. तो कुठे पडला, काय गिळले गेले आणि काय परत आले, एवढाच प्रश्न.

शुक्राची चांदणी सगळ्यांत तेजस्वी, किंचित पिवळट पांढरी. तिच्यावर गंधकाम्लाच्या थेंबांचे अखंड ढग आहेत आणि ते आपल्यावर पडलेला सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश परत पाठवतात. पण त्या ढगांखाली, १९८२ मध्ये उतरलेल्या सोव्हिएत व्हेनेरा १३ यानाने जी जमीन पाहिली ती नारिंगी उजेडात न्हालेली होती, कारण जाड वातावरण निळा प्रकाश खाली पोचूच देत नाही. गुरूवर अमोनियाच्या ढगांचे पांढुरके आणि तपकिरी पट्टे, शनीवर फिकट पिवळे धुके. नवग्रहांच्या रत्नांमध्ये शनीला नीलम देतात, पण दुर्बिणीला डोळा लावलात तर शनी लोण्यासारखा पिवळसर दिसेल. रत्नांचे रंग ही एक परंपरा, आकाशातले रंग ही वेगळी गोष्ट. दोघांची गल्लत न करता पाहावे. युरेनस आणि नेपच्यून निळसर-हिरवट आहेत, कारण त्यांच्या हवेतला मिथेन तांबडा भाग गिळतो.

आपला चंद्र या भागात मला सर्वांत जास्त आवडतो. कोजागरीला तो दुधासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात त्याची जमीन पडलेल्या प्रकाशातला सुमारे १२ टक्केच परत पाठवते. जुन्या डांबरी रस्त्याइतकी ती काळपट आहे. भोवतीच्या अंधारामुळे ती शुभ्र वाटते. खग्रास चंद्रग्रहणात हाच चंद्र तांब्याच्या भांड्यासारखा होतो. पृथ्वीच्या सावलीत असताना त्याच्यावर जो थोडा उजेड पडतो, तो पृथ्वीच्या हवेतून गाळून गेलेला असतो. त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे सूर्योदय आणि सूर्यास्त चालू आहेत, त्या सगळ्यांचा तांबडा रंग एकत्र होऊन चंद्रावर पडतो.

*

तिसरा भाग छोटा आहे, पण तो वाचल्याशिवाय पहिल्या दोन भागांवर विश्वास ठेवू नये. रंग उगमापासून आपल्यापर्यंत येताना वाटेत बदलतो, आणि डोळ्यात शिरल्यावर पुन्हा बदलतो.

हवेचे रेणू निळा-जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. वर्णपटाच्या दोन टोकांची तुलना केली तर सुमारे नऊ पट. दिवसा आकाश निळे आणि मावळता सूर्य तांबडा, ते यामुळे. क्षितिजाजवळचा कुठलाही तारा म्हणून जरा तांबूसच दिसतो. व्याध खाली असताना तर तांबडा, हिरवा, निळा असा झपाट्याने रंग बदलत लुकलुकतो. त्यात व्याधाचे काही नाही, हलत्या हवेने त्याचा पांढरा प्रकाश क्षणोक्षणी फोडलेला असतो. मंगळावर हिशेब उलटा आहे. तिथली बारीक धूळ सूर्याभोवती निळी झाक आणते, आणि क्युरिऑसिटी यानाने पाठवलेल्या छायाचित्रांत मंगळावरचा सूर्यास्त निळा आहे.

आणि डोळा. आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींना भरपूर उजेड लागतो. कमी उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना रंगच कळत नाही. म्हणून मंद तारे आपल्याला सगळे पांढरेच दिसतात. ते पांढरे आहेत म्हणून नव्हे, आपला रंगाचा डोळा तिथे उघडतच नाही म्हणून. रंग पाहायचा तर ठळक तारे निवडावेत. एक सोपी युक्ती: द्विनेत्री ताऱ्यावर धरून नजर मुद्दाम किंचित धूसर करावी. बिंदू पसरून छोटी चकती होते आणि रंग उठून दिसतो.

छायाचित्रांबाबतही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आजच्या वाचकाने आकाशापेक्षा पडद्यावरचे आकाश जास्त पाहिले आहे. १९७६ मध्ये व्हायकिंग यान मंगळावर उतरले, तेव्हा घाईघाईने तयार केलेल्या पहिल्या रंगीत चित्रात तिथले आकाश निळसर आले होते. रंग नीट जुळवल्यावर ते गुलाबी-पिवळट निघाले. व्हॉयेजर २ ने १९८९ मध्ये पाठवलेल्या नेपच्यूनच्या चित्रांत ढग नीट दिसावेत म्हणून रंग गडद केले गेले आणि पुढे अनेक वर्षे नेपच्यून गर्द निळा म्हणून छापला गेला. २०२४ मध्ये रंगांची नव्याने मोजदाद झाली आणि तो युरेनसपेक्षा थोडाच निळा निघाला. वेब दुर्बीण तर अवरक्त प्रकाश टिपते आणि आपल्याला दिसावे म्हणून त्याला रंग नेमून दिले जातात. नारायणगावजवळ खोडदला तीस थाळ्यांची जी प्रचंड दुर्बीण आहे, ती डोळ्याला अजिबात न दिसणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते. ही सगळी चित्रे खरी माहिती देतात. ती कशी वाचायची, एवढे ठाऊक हवे.

नुसत्या डोळ्यांच्या नोंदींना मात्र अजूनही किंमत आहे. चीनमध्ये सुमारे २,१०० वर्षांपूर्वी स-मा छ्येन यांनी ताऱ्यांच्या रंगांचे नमुने लिहून ठेवले: पांढऱ्यासाठी व्याध, तांबड्यासाठी ज्येष्ठा, आणि पिवळ्यासाठी काक्षी. आज तांबडा असलेला काक्षी तेव्हा पिवळा होता का? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही आणि इतर जुनी वर्णने एकत्र तपासली आणि काक्षीचा रंग गेल्या दोन हजार वर्षांत खरोखर बदलला असावा असा निष्कर्ष काढला. आयुष्याच्या त्या टप्प्यावर तारा झपाट्याने फुगून थंडावतो, हे त्याच्याशी जुळते. कुणीतरी अंगणात उभे राहून जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले, आणि ते वीस शतकांनी उपयोगी पडले.

*

हे पुस्तक वाचायला गणित लागत नाही. जिथे आकडे आले आहेत तिथे ते ओलांडून पुढे गेलात तरी धागा तुटणार नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आकाशात पाहायची एक गोष्ट दिली आहे आणि ती मराठी महिन्यांप्रमाणे लावली आहे, कारण आपल्याकडे आषाढ ते भाद्रपद आकाश ढगांचे असते आणि इतर देशांत छापलेले वेळापत्रक इथे कामाचे नसते. माघ-फाल्गुनात मृग आणि रोहिणी, चैत्र-वैशाखात नारिंगी स्वाती आणि तिच्या खाली निळसर चित्रा, ज्येष्ठात ज्येष्ठा, आश्विन-कार्तिकात पश्चिमेला उतरणारा पांढरा अभिजित. शक्यतो अमावास्येच्या जवळची रात्र निवडा आणि गावाच्या दिव्यांपासून दूर जा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे द्या, तेवढा वेळ मोबाइल खिशात राहू द्या.

आकाशदर्शनाच्या रात्रींना सतरंज्या घालणाऱ्या, चहा करणाऱ्या, गावातले दिवे तासभर मालवून देणाऱ्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलांचा सर्वांत जास्त. या पुस्तकातले एकही प्रकरण असे नाही जे त्यांच्या प्रश्नातून निघालेले नाही.

त्या सकाळी दुकानातून निघताना मी आजोबांना मंगळाची गोष्ट सांगितली. ज्याला आपण अंगारक म्हणतो तो निखारा नाही, त्याच्या धुळीत हाच गंज आहे, असे म्हणून मी कोपऱ्यातल्या पाट्यांकडे बोट केले. त्यांनी एक पाटा उचलला, अंगठ्याने त्यावरची तांबडी भुकटी पुसली, थोडा वेळ अंगठ्याकडे पाहिले आणि विचारले, "मग हितनं कसं वळकायचं, कंचा तापलेला आन् कंचा गंजलेला?"

खगोलशास्त्राचा याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. ताऱ्याला कुणी हात लावू शकत नाही, आणि तापलेल्या पाट्याला लोहारही हात लावत नाही. दोघांनाही जे कळते ते लांबून, आलेल्या उजेडावरून. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या पानापासून सुरू होते.